नाकतोड्याचे टायर

टायर बदलायचे यावर वाद नव्हताच. जुन्यांच्या कडांना भेगा पडल्या होत्या आणि डावा तर एका बाजूने पार गुळगुळीत झाला होता. वाद होता तो कुठले घ्यायचे याचा, आणि गेले तीन आठवडे तो रोज जेवणाबरोबर वाढला जात होता.

"पुन्हा तसलेच जाडे मागव," बाबा म्हणायचे. "नाकतोड्याला दुसरे शोभत नाहीत."

नाकतोडा म्हणजे त्यांचं दोन माणसांचं छोटं विमान. एक जण पुढे, एक जण मागे. उभं असलं की नाक वर आणि शेपटी खाली, म्हणून आईने त्याचं हे नाव ठेवलं होतं. आता ते उडवायची लेक आणि निगा राखायचे बाबा. पूर्वी दोन्ही कामं त्यांचीच होती, पण डॉक्टरांना त्यांच्या छातीत काहीतरी ऐकू आलं आणि उडवणं बंद झालं. हाती उरले पाने आणि ग्रीसचा डबा. विमानतळावर त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. तेवढ्यावर स्वारी खूश असायची.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना 'हे बरं दिसतं की ते?' विचारून तोंड दुखायचं, आणि घरी आलं की पुन्हा तेच. हे टायर की ते?

खरं तर तिचं ठरलं होतं. पूर्वी धावपट्टी गवताची होती. गवतावर विमान थोडं तिरकं टेकलं तरी चाक घसरतं आणि गडी आपोआप सरळ होतो. गेल्या वर्षी विमानतळाच्या कमिटीला सुधारणेची हुक्की आली आणि गवतावर डांबर पडलं. डांबर चाकाला धरून ठेवतं. त्यात नाकतोड्यासारख्या ज्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्याचा भार मागे. जरा वाकडं टेकलं की शेपटीला पुढे यायची घाई होते. जाडे, मऊ टायर तिथे आधी डुलतात, मग उसळतात, मग नको तिकडे पकडतात. मागच्या महिन्यात नाकतोडा असाच गर्रकन फिरून धावपट्टीच्या बाहेर गेला होता. कोणाला खरचटलंही नाही, पण मॅनेजर हँगरच्या दारात येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, राग मानू नका," तो म्हणाला. "पण पुन्हा असं झालं तर तुमचं विमान इथे ठेवता येणार नाही. ठराव झालाय."

दुसरं विमानतळ तीन तासांवर होतं. बाबा रोज सकाळी सायकलवरून हँगरमध्ये येत, दुपारचा डबा तिथेच खात. आई गेल्यापासून त्यांच्या दिवसाला तेवढं एकच दार उरलं होतं. तेही बंद झालं तर हा माणूस खिडकीशी बसून झिजेल, हे लेकीला लख्ख दिसत होतं.

म्हणून तिने बाबांना न विचारता बारके, ताठ, सरळ रेघांचे टायर मागवले. खोकं उघडल्यावर बाबांनी असं नाक मुरडलं की जणू कोणी त्यांच्या पानात शिळं वाढलंय.

"हे टायर? हातगाडीला लावायचे."

"डांबरावर हेच चालतात बाबा. लहान, कडक, चोवीस पौंड हवा."

"चोवीस!" बाबा म्हणाले. पण हात मात्र कामाला लागले. आणि ते हात पाहताना लेकीला मागचं सगळं आठवायला लागलं. रविवारची सकाळ. गवतावर दव. आई शिडीचा कंटाळा म्हणून चाकावरच पाय ठेवून मागच्या जागेवर चढायची, मांडीवर सँडविचचा डबा. पुढे बाबा. लहानगी लेक कुंपणापाशी ताटकळत, आपली पाळी कधी येते म्हणून. उतरताना नाकतोडा असा अलगद टेकायचा की चाकं गवताला लागली कधी, कळायचं नाही. खाली उतरून आई पदर झटकत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "अहो, काय मऊ उतरवता हो तुम्ही!" आणि बाबा दिवसभर मिशीत हसत राहायचे. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी टायर बसले. चोवीस पौंड हवा बाबांनी तिच्यासमोर भरली. रविवारी ती आली तेव्हा बाबा आधीच सगळं पाहून, फडक्याने हात पुसत उभे होते. तिने तेल पाहिलं, पंखा पाहिला, पंखांचे सांधे पाहिले. चाकांना हवेचं गेज लावलं नाही. त्या घरात तशी रीतच नव्हती. मिस्त्रीने हात लावलेल्या वस्तूवर पुन्हा गेज लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवणं. अडतीस वर्षांत ते कोणी केलं नव्हतं.

ती धावपट्टीवर आली, वेग दिला, शेपटी उचलली. आणि नाकतोडा उजवीकडे ओढायला लागला. आधी थोडा, मग हट्टाला पेटल्यासारखा. तिने वेग कमी केला, डावा पाय दाबून धरला, आणि विमान डांबराच्या कडेपासून हातभर अलीकडे थांबलं. ऑफिसच्या पायरीवर मॅनेजर हात कमरेवर ठेवून उभा होता.

हळूहळू ती हँगरपाशी परत आली. खाली उतरली, गुडघ्यावर बसली आणि बाबांच्या देखत गेज लावलं. डावं चौदा. उजवं अकरा.

"बाबा, हवा काढलीत तुम्ही?"

"मी? छे!" बाबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. नव्या रबराने तो काळा झाला होता. "काढली असेन गं. सकाळी सगळं बघून झालं की अंगठा जातोच चाकावर. आत गेला नाही, की व्हॉल्व्हची पिन दाबून थोडी हवा सोडायची. इतक्या वर्षांचं आहे ते. मला पत्ताही लागत नाही."

"पण का? ते सगळं गवतासाठी होतं ना?"

"गवतावर कुठलेही चालले असते." बाबा स्टुलावर बसले. "तुझ्या वेळेपासून तुझ्या आईची पाठ गेली होती. जरा दणका बसला की दोन दिवस आडवी. उडायची हौस तर दांडगी, आणि मला सांगायची नाही. म्हणून ते जाडे टायर आणले, आणि त्यांतही हवा कमी ठेवायचो. ती म्हणायची, मऊ उतरवता. मी कसला मऊ उतरवतोय? ते टायर उतरवायचे."

लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. तरी ती म्हणाली, "बाबा, आईला जाऊन चार वर्षं झाली."

"मला माहीत आहे गं," बाबा म्हणाले. "या अंगठ्याला कोणी सांगितलं नाही."

लेकीने पंप ओढत आणला. बाबांनी हवा भरली, तिने गेज लावलं, दोन्हीकडे चोवीस. तिने मागचं दार उघडलं.

"बसा."

"ती जागा माझी नाही," बाबा म्हणाले. आई गेल्यावर त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं.

"मला तिथे वजन हवंय. आणि मऊ उतरणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते."

बाबा कुरकुरत चढले. ते मागे बराच वेळ खुडबुडत राहिले. ती पुढे वाट पाहत बसली, वळून पाहिलं नाही.

नाकतोडा सरळ धावला आणि सरळ उठला. शेतांवरून एक फेरी मारून ती परत आली. चाकं टेकली तेव्हा चांगलाच दणका बसला, तिच्या दातांवर दात आपटले. पण त्या बारक्या टायरांनी तसूभर वाट सोडली नाही. विमान पांढऱ्या रेघेवरून आज्ञाधारकपणे चालत राहिलं. मॅनेजरने दुरून हात वर केला आणि आत निघून गेला.

इंजिन बंद करून ती खाली उतरली. "लागलं का बाबा?"

"लागलं की! चांगलं लागलं," बाबा म्हणाले. डोळे ओले होते, पण आवाज मिस्त्रीचाच होता. "सरळ उतरलीस."

त्यांना उठता येईना. तिने वाकून पाहिलं, तर कमरेचा पट्टा पोटात रुतला होता. चार वर्षांपूर्वी शेवटच्या फेरीला जसा आवळला होता तसाच तो होता. बाबा चार वर्षांत वाळले होते म्हणून जेमतेम तरी बसला.

"अहो बाबा, सैल करायचा ना! श्वास तरी कसा घेतलात?"

"असू दे," बाबा म्हणाले. "तिचं माप आहे."

तिने बकल सोडून त्यांना हात दिला. ते उतरल्यावर तिने पट्टा होता त्याच मापावर सीटवर नीट ठेवला आणि दार लावून घेतलं.