सोळा तास थांबायचं असतं

नणंदेची स्त्रीबीजं आपल्या हातून फलित करायला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत हेच काम करणाऱ्या वहिनीने आधी साफ नकार दिला होता. पण ऐकेल तर ती नणंद कसली.

"चार वेळा परक्यांनी करून झालं. आता घरचं माणूस म्हणून तू करून बघ," ती म्हणाली. "हे शेवटचं. यानंतर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

बीजं मिळाली दोनच, त्यातलंही एक कच्चं. पिकलेल्यात वहिनीने दुपारी दोनला बारीक सुईने एक शुक्राणू सोडला. कच्चं टाकून द्यायला मात्र तिचा हात धजेना. ते तिने उबदार पेटीत ठेवलं आणि दर थोड्या वेळाने डोकावत राहिली. संध्याकाळी सहाला तेही पिकलं, आणि तिने त्यातही शुक्राणू सोडला. दोन्ही वेळा शेजारी आजोबा उभे होते. त्यांचं वय पन्नास, पण प्रयोगशाळेत सगळ्यांना दटावत फिरायचे म्हणून आजोबा. बशीवरचं नाव दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय तिथे बीजाला हात लावायचा नाही, असा नियमच होता.

सकाळी आठला वहिनी सूक्ष्मदर्शकापाशी बसली. बीज फळलं की त्यात दोन इवली वर्तुळं दिसतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. निकाल डॉक्टरांनी कळवायचा असतो, पण तिला राहवलं नाही, तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, दोन्हींत काही नाही गं."

"बरं," नणंद म्हणाली. "तू काहीतरी खाऊन घे." आणि फोन ठेवला.

आजोबा नोंदवही चाळत होते. "दुसऱ्यात शुक्राणू कधी सोडलास?"

"काल सहाला."

"आणि आत्ता किती वाजलेत?"

वहिनीने घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चौदाच तास झाले होते. सोळा तासांच्या आत वर्तुळं शोधू नका, असं ती नव्या मुलींना नऊ वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत आली होती. पहिल्या बीजाचा हिशोब तिने दुसऱ्याला लावला होता. घरचं माणूस समोर आलं की अक्कल अशी गहाण पडते.

"एक घोळ पुरे झाला," आजोबा म्हणाले. "अकरापर्यंत फोनला हात लावायचा नाही."

ते तीन तास तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. अकराला पाहिलं, तर दोन वर्तुळं शेजारी शेजारी. आजोबांनीही पाहिलं. "डॉक्टरांना मी सांगतो. तू घरी कळव."

"ताई, मी चुकले. घाई केली. दुसरं फळलंय. दोन वर्तुळं आहेत, एक तुझं, एक भावोजींचं."

"सारखी आहेत?"

"त्यांचं जरा मोठं आहे. तसंच असतं बहुतेक."

"असणारच. घरीही सोफाभर पसरून बसतो."

वहिनीला हसू फुटलं. "आज ती दोन्ही एकत्र येतील. पुढे नीट वाढलं तर पाच दिवसांनी तुझ्या पोटात सोडू. रुजलं की नाही, ते नंतर कळेल."

"पुन्हा फोन करून नाही म्हणणार नाहीस ना?"

"नाही गं."

नणंद हळूच म्हणाली, "सकाळचं मी ह्याला सांगितलंच नाही. चहा दिला, हसून कामावर पाठवला. म्हटलं, संध्याकाळपर्यंत तरी त्याला सुखात राहू दे." आणि तीन तास अडवून धरलेलं रडू तिला एकदम आलं.

वहिनीही रडली. तिने फोन तसाच कानाला धरून ठेवला.