चौथा आउट

बेसबॉलच्या एका डावात तीन आउट, हे आयोवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑर्व्हिल टेश्नर मात्र छातीवर हात ठेवून सांगायचा, की याच मैदानावर, तरुणपणी, आपण चौथा आउट पाहिलाय. तेव्हापासून तिसऱ्या बेसमागच्या बाकावर त्याचं नाव 'चार आउटवाला' पडलं ते पडलंच.

"नियमात आहे रे बाबा, मान्य," बाकावरचा त्याचा सोबती बर्नी कुझमा म्हणायचा. "गोष्टीत भूतही असतं. दिसलंय कोणाला?"

त्या बाकाची रीत अशी, की खेळ थांबला की कोणीतरी कोडं घालायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत शेंगदाण्यांच्या पिशवीला कोणी हात लावायचा नाही. त्या दुपारी बर्नीने विचारलं, "चेंडूला कोणाचा हातही लागला नाही, तरी फलंदाज आउट. कसा?"

"बेसवर धावक असताना उंच उडालेला सोपा झेल. नियमाप्रमाणे अंपायरने चेंडू हवेत असतानाच आउट दिला," ऑर्व्हिलची बायको डेल्मा पिशवी ओढत म्हणाली. "काहीतरी अवघड विचार की!"

ऑर्व्हिल हसला नाही. हल्ली त्याला शेजाऱ्यांची नावं आठवत नव्हती. परवा स्वतःच्याच दारात किल्ली हातात धरून तो बावळटासारखा उभा राहिला होता. तो चौथा आउटही आपल्या डोक्यानेच रचला असेल तर? ही भीती त्याने डेल्मालाही सांगितली नव्हती.

आठव्या डावात बरोबरी होती. गावची फलंदाजी, एक आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपले धावक. उंच टोला गेला, पाहुण्यांनी लांबवर झेल घेतला. दोन आउट. तिसऱ्या बेसवरचा धावक सुसाट शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला. त्याच्यानंतर दुसऱ्या बेसवरून पळालेला धावक बाद झाला. तीन आउट, पण धाव आधीच झाली होती. गाव आघाडीवर! लोक नाचायला लागले.

ऑर्व्हिल जागचा हलला नाही. झेल होईपर्यंत धावकाचा पाय बेसवर हवा, आणि धाव काढणाऱ्या या पठ्ठ्याचा तर तिसऱ्या बेसवरून आधीच सुटला होता. अंपायरनेही पाहिलं असणार. पण विचारल्याशिवाय अंपायर तोंड उघडत नाही. पाहुण्यांनी दाद मागितली तर तो चौथा आउट, आणि धाव रद्द. मात्र त्यांचे बेसजवळचे सगळे खेळाडू रेषेबाहेर जायच्या आत ती मागायला हवी.

ओरडून सांगितलं असतं तर काम फत्ते. पण मग ते पाहिलेलं नव्हे, घडवलेलं ठरलं असतं. त्याने दात आवळले. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गावाची धाव जावी असं त्याला वाटत होतं.

पाहुणे एकेक करून बाहेर पडले. चेंडू मैदानाच्या मधोमध, चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यावर टाकून दिलेला. आत राहिला एकटा तिसऱ्या बेसचा खेळाडू, तोही बुटाची नाडी सुटली म्हणून. नाडी बांधून तो निघाला.

"थांब! रेषा ओलांडू नकोस!" बाहेर पोचलेला त्यांचा कॅचर, फलंदाजामागे उभा राहणारा, मागे वळून किंचाळला. धावत जाऊन त्याने चेंडू उचलला, फेकला. खेळाडूने तो झेलून बेसला पाय लावला आणि अंपायरला ओरडून सांगितलं, "त्यांच्या धावकाने झेलाआधीच बेस सोडला!"

अंपायरने मूठ वर केली. फलकावरची धाव पुसली गेली.

सगळं मैदान शिव्या घालत होतं. त्या बाकावर मात्र सगळे फलकाकडेच बघत होते. आभाळ तेच, गवत तेच, आणि भर दुपारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीनच्या पुढे एक आउट उगवला होता.

बर्नीने टोपी काढली. "चार," तो प्रार्थनेतल्या आवाजात म्हणाला. मग जवळ सरकून, "ऑर्व्हिल, तुझा तो आउट सांग ना पुन्हा. पहिल्यापासून. देवाशपथ, मधे बोलणार नाही."

ऑर्व्हिलने तोंड उघडलं. वर गेलेली मूठ आठवत होती. बाकी धावक कोण, पाहुणे कुठले, काहीच हाती लागेना. त्याने डेल्माकडे पाहिलं.

"पाहुणे नदीपलीकडचे होते," डेल्मा मैदानावरची नजर न काढता म्हणाली. "धावक डावखुरा, लाल केसांचा. मी सरबत आणायला गेले होते. परत येते तर हा उभा, गालांवर पाणी. म्हणाला, 'डेल्मा, तू आत्ता इथे हवी होतीस.'"

ती सांगत राहिली. इतकी वर्षं जे ऐकताना ती विणकामातून मान वर करत नव्हती, त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता. ऑर्व्हिल कान देऊन ऐकत होता. शेंगदाण्यांना कोणी हात लावला नाही.