गाईंचं मीठ आणि कापितान

अर्जेंटिनातल्या आमच्या एंत्रे रिओस प्रांतात शेजारच्या आबेलार्दोच्या गाईंइतक्या थोराड गाई कुणाकडे नाहीत, आणि तो हे विसरू देत नाही. त्यानं एका कुत्रेवाल्याकडून डोगो जातीचं पांढरं पिल्लू आणलं, नाव ठेवलं कापितान, आणि ठरवलं की हा कुत्रा वासराएवढा झाला पाहिजे.

पिल्लाच्या खाण्याच्या पिशवीवर ठळक छापलं होतं, 'यात वरून काही घालू नये.' ते त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे शहरातल्या कुत्र्यांसाठी," म्हणाला, आणि गाईंचं खनिज मीठ शिंपडलं. मग हाडांची भुकटी. वर अंड्याची टरफलं कुटून.

चौथ्या महिन्यात कापितानचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. फाटकाकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत बसायचा.

आबेलार्दो खवळला. कुत्रेवाल्यावर.

"खराब माल गळ्यात मारला. शनिवारी परत नेतो. पुढचं तो बघेल."

पुढचं काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं: गोळी. माझ्या हातातला माते, आमचा कडू चहा, गार झाला. मी उठलो आणि त्याच्या भाचीला, मिर्ताला, बोलावून आणलं. ती जनावरांची डॉक्टर.

तिनं पाय चाचपले. "मामा, याला घालतोस काय?"

मामानं तिन्ही डबे अभिमानानं मांडले.

"गाभण गाईंचं मीठ? का, हा विणार आहे?"

"हाडं भक्कम व्हायला नकोत?"

"पिशवीत हवं तेवढं कॅल्शियम आहे. एवढ्याशा पिल्लाला जास्तीचं नाकारता येत नाही, अंग ते घेत बसतं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. कुत्रेवाल्यानं नाही केलं हे. तू केलंस."

"म्हणजे पोराला उपाशी मारू?"

"पिशवीतलं मोजून दे, बाकी सगळं बंद. वेळेत थांबलास तर पाय पुष्कळ सुधारतील. आणि शनिवारी कुणाला तरी परत करायचंच असेल, तर आजीकडे, तुझ्या आईकडे, तुलाच नेऊन सोडते."

शनिवारी कुणीच कुठे गेलं नाही.

आता कापितान फाटकापर्यंत धावतो. एक पंजा मात्र कायम बाहेर, नदीकडे वळलेला. आबेलार्दो पाहुण्यांना सांगतो, खोट आपल्याच लक्षात वेळीच आली. कुत्रेवाल्याला शिव्या चालूच आहेत. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं, तर धडधाकट पिल्लू दिलं होतं.

परवा आबेलार्दो सुनेला दिवस गेल्याची बातमी घेऊन आला. बाळ कसं दणकट व्हायला हवं, ते माझ्या बायकोला सांगत बसला. मी मागच्या दारानं त्याच्या गोठ्यात गेलो आणि मिठाचं पोतं उचलून आणलं.