टाळ खाली, ताई वर

घशाचं ऑपरेशन झाल्यावरचं मंजुषाताईंचं हे पहिलंच कीर्तन. डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाज ताणलात तर कायमचा जाईल. तरी दिंडोरीजवळच्या या सप्ताहाला त्या आल्या, त्या साउंडवाल्या महेशच्या भरवशावर. "ताई, तुम्ही नुसतं बोला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं माझ्याकडं लागलं," असं तो बोलून बसला होता.

महेशची भिस्त नव्या डिजिटल मिक्सरवर. टाळ-मृदंगाचे सगळे माइक त्याने एकाच फेडरला बांधले होते. ती एक पट्टी बोटाने खाली ओढली, की मंडपात सगळा गजर एकदम हळू.

अभंग रंगात आला तसं टाळकरी हिरामणअण्णांनी हाताने खुणावलं, आमचे टाळ आम्हालाच ऐकू येईनात. टाळकऱ्यांचं हे नेहमीचंच. महेशने मॉनिटरचं बटण दाबलं. फेडर आपोआप सरसर सरकले; आता ते फक्त स्टेजवरच्या स्पीकरसाठी. त्याने टाळ वाढवून दिले. अण्णा खूश.

ताईंनी दृष्टांत सांगता सांगता चाल धरली, टाळकऱ्यांना चेव आला आणि ताईंचा आवाज पार बुडाला. महेशने त्यांचा फेडर चढवला. मंडपात काहीच फरक नाही. आणखी चढवला, तर स्टेजवर कूंऽऽ करून शिट्टी! ताई दचकल्या आणि जोर लावून गाऊ लागल्या. गळ्याची शीर फुगलेली इथून दिसत होती.

बायकांतून त्याची बायको छाया धावत आली. "अहो, तिकडं शिट्ट्या वाजत्यात अन् आम्हाला ताई ऐकूच येत नाय! बोटं कुठं हायेत तुमची?"

महेशने खाली पाहिलं. मॉनिटरचं बटण तसंच पेटलेलं; इतका वेळ ताईंचा आवाज चढत होता तो नुसता स्टेजवर. जुन्या मिक्सरची सवय, फेडर म्हणजे मंडपाचा आवाज, दुसरं डोक्यातच येईना! "अरे पांडुरंगा," म्हणत त्याने ताईंचा फेडर आधी खाली घेतला, मग बटण विझवलं. फेडर आपापल्या जागी परतले. ताई थोड्या वर, आणि एका बोटाने सगळा गजर खाली.

मंडपात ताईंचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा मऊ. ताईंनाही कळलं, खांदे सैल झाले, आवाज ताणणं थांबलं. मागच्या रांगेत म्हाताऱ्या सखुबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"अण्णांना राग नाय येणार?" छाया कुजबुजली.

"त्यांच्या कानाशी टाळ तेवढेच हायेत. बघ, कसे नाचत्यात!"

आरती झाल्यावर ताई मिक्सरपाशी आल्या. "महेश, घसा जरासुद्धा दुखत नाही रे. अजून एक अभंग झाला असता."

"नको ताई," महेशने हात जोडले, "तो पुढच्या सप्ताहाला माझ्यासाठी शिल्लक राहू द्या. तोवर मी बटण विझवायला शिकतो."