विझलेल्या पेशी

प्रयोगशाळेत माझं काम पेशी सांभाळायचं. त्यांना खाऊ घालायचा, ऊब द्यायची आणि मोजणी झाली की ब्लीच ओतून टाकून द्यायच्या. बाकीचं शास्त्र मी भाचीचं डोकं खाऊन शिकले.

तिनं डीएनएची एक छोटी कडी बनवली होती, प्लाझ्मिड. ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, शरीरात रक्त गोठवणारं एक प्रथिन बनत नाही. त्याची कृती त्या कडीत होती. शेजारी हिरवं चमकण्याचीही कृती, म्हणजे कडी काम करतेय हे दिसावं. पेशींत कडी घातली की दुसऱ्या दिवशी डिश हिरवीगार. भाची मोजायची, म्हणायची, "मावशी, टाक आता." दोन वर्षं मी दुसऱ्याच दिवशी टाकत आले.

या खेपेला ब्लीच संपलं होतं. चार डिश राहिल्या. उपाशी ठेववेना, म्हणून खाऊ घालत राहिले. नवव्या दिवशी सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तर मिट्ट काळोख.

"मेल्या असतील," भाची म्हणाली.

"माझ्याहून ठणठणीत आहेत."

तिनं दुपारभर तपासलं. कडी आतच होती. पेशी आपला डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवते. ही पाहुणी कडीही पेशीनं गुंडाळली होती. आधी सैल, मग इतकी घट्ट की कृती वाचताच येईना.

"हाकललं नाही गं," मी म्हटलं, "घरात घेऊन तोंड बांधलं."

भाची हसली नाही. ताईला हीच कडी टोचून आज सातवा दिवस होता. अहवाल उत्तम, म्हणून त्या प्रथिनाची दिवसाआडची इंजेक्शनं बंद झाली होती. आणि जन्मभर जपून चालणारी माझी ताई पहिल्यांदाच एकटी एका बेटावर डोंगर चढायला गेली होती. तिथे दवाखाना नाही.

मी फोन लावला.

"अगं, गुडघा फुटला माझा!" ताई आनंदानं ओरडली. "आणि रक्त लगेच थांबलं! सांग माझ्या लेकीला!"

"परतीची बोट कधी आहे?"

"आजची गेली की. आता चार दिवसांनी. का गं?"

भाचीनं फोन हिसकावला. "आई, खाली उतर. हळू. एकेक पाऊल टाक."

"काय? वारा फार आहे गं, ऐकूच येत नाही. थांब, अजून थोडी वर जाते, तिथून नीट लागेल."