हुकाखालची जागा

सळयांची मोळी स्लॅबवर उतरवायची होती आणि उजवा दांडा कशाचा, डावा कशाचा, हेच उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या त्याला आठवेना. दोन्ही दांड्यांवरचे हात त्यानं अलगद उचलले. दांडा सोडला की क्रेन जागच्या जागी थांबते. थांबली. मोळी मात्र वाऱ्यानं डुलत राहिली.

वॉकीटॉकी खरखरला.

"भाऊजी, डोळा लागला का काय?"

खालून इशारे देणारा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता.

"वारा आहे," तो म्हणाला.

"मग थोडा खाली पाठवा. इथं घामानं आंघोळ झालीय सगळ्यांची."

एरवी त्यानं यावर काहीतरी तिखट ऐकवलं असतं. आता श्वास पुरवून वापरायचा होता. कोविड होऊन वर्ष उलटत आलं होतं. ताप आठवड्यात गेला, तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं. दम आणि डोकं तेवढं माघारी आलं नाही. सकाळी एकदा शिडी चढला की तो संध्याकाळपर्यंत उतरत नसे. डबा वरच, लघवीही वरच, बाटलीत. लोकांना वाटायचं, गडी कामाला वाघ आहे. मागे एक मोळी भिंतीला घासली, तेव्हा सुपरवायझर एवढंच म्हणाला होता, "पुन्हा झालं तर केबिन विसरायची."

एका दांड्यानं मोळी सरळ खाली जाणार होती, दुसऱ्यानं आडवी फिरणार होती. फिरली, तर माणसांच्या डोक्यांवरून. त्यानं उजवीकडे हात नेला, मागे घेतला. तळवा पँटला पुसला. मग वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"खालची माणसं बाजूला कर."

"का हो?"

"कर म्हटलं ना. मला दांडे आठवत नाहीयेत."

मग मेव्हण्याचा आवाज आला, त्यात थट्टा नव्हती.

"बाजूलाच आहेत, भाऊजी."

त्यानं काचेला कपाळ टेकलं. पूर्वी मोळी खाली येऊ लागली की ती धरायला चार जण हात वर करून उभे असायचे. आता हुकाखालची जागा मोकळी होती. सगळ्या पिवळ्या टोप्या जिन्याच्या भिंतीआड होत्या. घाईनं पळालेलं कुणी दिसत नव्हतं. एक जण तर बूड टेकून सावकाश बुटाची नाडी बांधत होता.

"कधीपासून?"

"तुम्ही परत आलात तेव्हापासून." मेव्हणा म्हणाला. "साहेबांपाशी कुणी बोललेलं नाही. बोलणारही नाही. ठरलंय आमचं."

त्याचा उजवा हात आपणहून दांड्यावर गेला. खाली नेणारा हाच. डोक्याला नव्हतं ते हाताला आठवलं होतं. मोळी सरळ उतरली आणि लाकडी ठोकळ्यांवर आवाज न करता टेकली.

"बघा, जमलं की," मेव्हणा म्हणाला. "वाऱ्यामुळे थांबलो होतो म्हणून सांगतो. पुढची मोळी बांधायला घेऊ?"

भिंतीआडून अजून कुणी बाहेर आलं नव्हतं.

"नको. साहेबांना सांग, दुसरा ऑपरेटर बोलवा."

"भाऊजी... ताईला काय सांगू?"

"मी सांगेन."

त्यानं किल्ली फिरवून काढून घेतली. यंत्राची घरघर बसत गेली. खाली भिंतीआडून एक टोपी सुटी झाली, तिनं वर पाहिलं. मग दुसरी, आणि चौघं जण गप्पा मारत मोळीपाशी गेले.