तिघींच्या चपला

थोरलीने नळाच्या कोपऱ्यावर पायांतल्या चपला काढून धाकट्या जावेपुढे सरकवल्या, आपल्या डोक्याचा निळा रुमाल सोडून तिच्या डोक्याला बांधला आणि दोन पावलं मागे होऊन तिला न्याहाळलं.

"चालून दाखव."

धाकटी चालली. चपला दोन बोटं मोठ्या होत्या, टाचेखाली फटाक फटाक वाजत होत्या.

"पाय ओढ जरा. माझे गुडघे दुखतात, विसरलीस का?"

काम एकच होतं. चौथ्या मजल्यावरच्या आंधळ्या म्हातारीला आंघोळ घालायची, भरवायचं आणि दुपारभर तिच्याजवळ बसायचं. घरच्या सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रोज नवी बाई चालणार नाही. सासूबाई बावरतात." पण थोरलीच्या गुडघ्यांना रोजचे चार जिने झेपेनात. मधलीला कारखाना आठवड्यातून तीन दिवस बोलवायचा, आणि धाकटीचं मूल अजून अंगावर पीत होतं. एकीला काम पेलत नव्हतं आणि तिघींना सोडवत नव्हतं. तेव्हा तिघींनी मिळून एक बाई तयार केली. नाव, रुमाल, चपला थोरलीच्या आणि अंगाला वास सारखा यावा म्हणून साबण तिघींचा एकच. चोरी पकडली गेली, तर तिन्ही चुली एकदम थंडावणार होत्या.

सुनेची भीती नव्हती. ती आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून कॉम्प्युटरवर काम करी, चपला वाजल्या की मान न वळवता "आलीस?" म्हणे. कामवालीचं तोंड बघायला कुणाला सवड असते? भीती होती म्हातारीची. आंधळ्याचे कान तिखट.

"तोंड उघडायचं नाही," थोरलीने तीन महिन्यांत शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "हूं म्हणायचं, नाहीतर खोकायचं. मधलीलाही हेच सांगितलंय, आणि मीही तेच करते."

तिसऱ्या मजल्यावर चपलेचा पट्टा तुटला. धाकटीने गाठ मारून पाहिली, ती सुटली. शेवटी दोन्ही चपला काखेत मारून ती अनवाणीच आत शिरली.

"कोण आहे?" दाराच्या आवाजाने सुनेची खुर्ची गर्रकन वळली.

धाकटी खोकली. सून उठून बाहेर आली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आई, ही आपलीच ना? मला वेगळीच वाटतेय."

म्हातारीने पलंगावरून हात पुढे केला. धाकटीने आपला हात त्यात ठेवला. म्हातारीने तिची बोटं एकेक करून चाचपली. घाई कसलीच नव्हती तिला.

"मी आंधळी, आणि ओळख मला विचारतेस?" ती सुनेला म्हणाली. "तीच आहे. दुसरी कोण यायची?"

सून ओशाळली. "पायांचा आवाज आला नाही, म्हणून विचारलं," असं पुटपुटत ती आत जाऊन कामाला बसली.

धाकटीच्या जिवात जीव आला. ती पाणी तापवायला वळली, तर म्हातारीने हात सोडलाच नाही.

"पलंगाखाली माझ्या चपला आहेत," ती हळूच म्हणाली. "मला आता कुठे फिरायचंय? घाल तू."

धाकटीने त्या ओढून काढल्या. बेताच्या मापाच्या होत्या, पायांत बरोबर बसल्या.

"बाळाला दात आले म्हणे?"

धाकटी घाईघाईने खोकली.

"मधली सांगत होती. फार बोलते ती, पण माझी दुपार छान जाते. तू मात्र मुकीच. आणि थोरलीला सांग, उगाच खोकून घसा बसवून घेऊ नकोस म्हणावं."

धाकटीचे डोळे भरून आले. काही बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांच्या सवयीने आधी "हूं" एवढंच निघालं. ती उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. नव्या चपला मुळीच वाजत नव्हत्या.

मागून म्हातारीची दबकी हाक आली.

"अगं, पाय ओढ जरा. थोरलीचे गुडघे दुखतात, विसरलीस का?"